फिश टँकच्या पाण्यात मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही, 2000 एक्सचा घेऊ का?

नका घेऊ. 2000 हा आकडा खोक्यावर छापायला असतो. तुमच्याकडे 40ची लेन्स आणि 10चा आयपीस (डोळा लावायची लेन्स) आहे म्हणता, म्हणजे 400 पट झालंच. त्या लेन्सवर 0.65 लिहिलेलं असेल, ती किती बारीक तपशील दाखवू शकते त्याचा हा आकडा (NA). त्याला हजाराने गुणा : 650 पट, ही तिची उपयोगी मर्यादा. त्यापुढे आयपीस बदलून चित्र नुसतं फुगतं.

चुकतंय ते थेंबात. मधलं नितळ पाणी उचललंत, तिथे कोण राहणार? फिल्टरचा स्पंज वाटीत पिळा, 10 मिनिटं बसू द्या, तळाचा गाळ ड्रॉपरने घ्या. छोटा थेंब पुरे. कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच) एका कडेवर टेकवून हळू सोडा. सपकन टाकली की बुडबुडे येतात, आणि काळ्या कडेचे तेच गोल लोक 'जंतू सापडला' म्हणून मिरवतात. कव्हरस्लिप तरंगत असेल तर कडेला टिश्यू लावून पाणी ओढा. तिच्याशिवाय बघूच नका, 40ची लेन्स थेंबात बुडते.

मग स्टेजखालचा डायफ्रॅम, म्हणजे स्लाइडखालून येणारा उजेड कमी-जास्त करायची झडप. सताड उघडा असेल तर पारदर्शक जीव उजेडात विरघळून जातात. कडा ठळक होईपर्यंत मिटत न्या. पॅरामेशियम (चपलेच्या आकाराचा एकपेशीय जीव) पळत असेल तर थेंबात कापसाचे चार तंतू टाका, अडकून बसतं.

त्याहून सोपं : स्लाइड दोऱ्याने बांधून टाकीत आठवडाभर सोडा. काढल्यावर एक बाजू पुसा, दुसरीवर कव्हरस्लिप. व्हॉर्टिसेला हा एकपेशीय जीव असेल तर देठावरची घंटा दिसेल. टेबलाला टिचकी मारा, देठ स्प्रिंगसारखा आखडतो.

हे बघून घरात कुणीतरी 'शी, किडे! टाकी धुऊन काढ' म्हणणारच. या वादात मी कायम एकटा पडतो, म्हणून लिहूनच ठेवतो : हे जीव जिवाणू आणि गाळ खाऊन जगतात, माशांना बहुधा काही करत नाहीत. माशांना मारतं ते स्पंज नळाखाली धुणं. बेळगावात राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी क्लोरीन मारूनच येतं, स्पंजातले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू त्यात मरतात आणि अमोनिया साठतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा की.

हां, ते जिवाणू 400 पटीला नुसते ठिपके. कोणता कोण, ओळखू येत नाही. पाणी चांगलं की वाईट, ते अमोनियाच्या टेस्ट किटनेच बघा. आणि खानापूरकडे राहत असाल तर पावसाळ्यात लेन्स सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर तिच्यावरच बुरशी धरते.