तुमचा प्रश्न : लॉकडाऊनमध्ये मॉरिशसनं आधी कुणाला पैसे दिले?

या वेळच्या टपालात चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, कोरोनात छोट्या बेटांच्या सरकारांनी पैसा कुठं खर्च केला आणि ते देश परत उभे कसे राहिले, म्हणून चारही एकत्रच घेतलीयेत. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्या पत्रातली एक ओळ वाचून मला थोडक्यात आटपता आलं नाही.

प्रश्न : आमचं पाचगणीत सहा खोल्यांचं लॉजिंग आहे. यंदा आम्ही दोघं नवरा-बायको मॉरिशसला जाऊन आलो. तिकडचा टॅक्सीवाला सांगत होता की कोरोनात टॅक्सी बंद होती तेव्हा सरकारनं त्याच्या खात्यात ५,१०० रुपये टाकले आणि त्याच्या बायकोचा हॉटेलातला पगार घरबसल्या चालू होता. त्याच महिन्यांत मी माझ्याकडच्या दोन पोरांना कामावरनं कमी केलं, ते अजून मनाला लागून राहिलंय. एवढासा देश, टुरिस्ट नाही तर कमाई नाही, त्यांना हे जमलं कसं?
— एक वाचक, पाचगणी

उत्तर : दादा, टॅक्सीवाल्यानं सांगितलं ते खरंय. मॉरिशस म्हणजे किती मोठं, तर लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, आपल्या सातारा जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी, आणि जमीन बघितली तर जिल्ह्याचा साधारण पाचवा हिस्सा. २०१९ ला तिथं जवळपास १४ लाख टुरिस्ट आले होते, म्हणजे घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त. १८ मार्च २०२० ला पहिले पेशंट सापडले, दुसऱ्या दिवशी बाहेरच्यांना बंदी आणि २० तारखेपासून लॉकडाऊन. २४ मार्चपासून तर सुपरमार्केट आणि बेकऱ्यासुद्धा बंद केल्या. २ एप्रिलला दुकानं उघडली ती आडनावाच्या इंग्रजी पहिल्या अक्षरावरनं, ए ते एफ वाल्यांनी सोमवार आणि गुरुवार, जी ते एन वाल्यांनी मंगळवार-शुक्रवार, उरलेल्यांनी बुधवार-शनिवार. घरात तेल संपलंय पण आपला वार नाही म्हणून थांबायचं, असे दिवस काढलेत त्या लोकांनी.

आता पैशाचं. त्यांनी पहिला नंबर लावला तो पगाराला. ज्यांचा महिन्याचा पगार ५० हजार मॉरिशस रुपयांपर्यंत होता त्यांच्यासाठी सरकार मालकाला पैसे द्यायचं, माणशी जास्तीत जास्त २५ हजार, आणि मालकानं ते कामगाराला द्यायचे. त्यांचा एक रुपया तेव्हा आपल्या साधारण पावणेदोन-दोन रुपयांचा. अट एकच महत्त्वाची होती, की पैसे घेतले तर माणूस काढायचा नाही. टॅक्सीवाले, न्हावी, गवंडी, भाजीवाले असे जे स्वतःच्या हातावर पोट भरतात त्यांना वेगळे ५,१०० रुपये, आणि हे सगळं वाटायला नवीन ऑफिस उघडलं नाही, टॅक्स गोळा करणारं जे खातं आहे त्यालाच सांगितलं की आजवर घेत होतात, आता द्या. कोण कुठं कामाला आहे, पगार किती, बँकेचं खातं कुठलं, हे सगळं त्यांच्याकडं होतंच. गरीब कुटुंबांचं एक सोशल रजिस्टर आधीपासून होतं, त्यावरनं घरोघरी किराण्याची पाकिटं गेली. साठ वर्षांवरच्या प्रत्येकाला, गरीब असो की श्रीमंत, महिन्याला ९,००० रुपये पेन्शन जानेवारी २०२० पासून लागू झालेली होती, ती तशीच चालू राहिली. आणि ज्या कंपन्यांनी पगाराची मदत घेतली आणि तरी वर्षाअखेरीला नफा दाखवला, त्यांच्यावर नंतर कोविड लेव्ही नावाचा कर लावून त्यातला पैसा परत काढून घेतला. ही लेव्हीची कल्पना मला फार आवडली, अडचणीत असशील तर घे पण अडचण नव्हती असं निघालं तर परत कर.

म्हणजे बघा, नुसता पैसा असून भागलं नसतं, कुणाला द्यायचा याची यादी तयार होती हे त्यांचं खरं बळ.

मी मे २०२० मध्ये पास काढून वाईहून वर आलो होतो. पसरणीच्या घाटात समोरनं एक गाडी आली नाही. वेण्णा लेकला बोटी काठाला ओढून उपड्या घातलेल्या, त्यांच्यावर पाला साचलेला. एक घोडेवाला दोन घोडी घेऊन रिकाम्या रस्त्याच्या कडेचं गवत चारत चालला होता, त्याला विचारलं तर म्हणाला की भुशाचं पोतं उधारीवर घेतलंय आणि चण्याचा खुराक बंद केलाय, आता जिथं गवत दिसेल तिथं नेतो. एका घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. उन्हाळ्याचा सीझन म्हणजे त्याची वर्षाची कमाई, आणि तो सीझन असा गेला. खाली शेतांत स्ट्रॉबेरी जनावरांपुढं टाकलेली, कारण न्यायला गाडी नाही आणि खायला पाहुणा नाही.

आपल्याकडं काहीच झालं नाही असं म्हणणं बरोबर नाही. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं, जनधन खात्यात बायकांना तीन महिने ५०० रुपये आले, शिवभोजन थाळी १० ची ५ रुपयांना झाली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं १,५०० रुपये द्यायचं ठरवलं, पण ते कुणाला, तर परवान्याच्या रिक्षावाल्यांना, नोंदणी केलेल्या फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना, घरकाम करणाऱ्यांना. ज्याचं नाव कुठल्या यादीत नव्हतं तो राहिला. तुमच्या लॉजवरची ती दोन पोरं, दादा, ती कुठल्या यादीत होती? मस्टरवर तरी होती का? हे टोचायला म्हणून विचारत नाही, आपल्या भागातली बहुतेक लॉजं अशीच चालतात. पण तुम्ही एवढं मनाला लावून घेतलंय म्हणून सांगतो, त्यांना कमी केलंत हा दोष एकट्या तुमचा नाही. मॉरिशसच्या हॉटेलवाल्याकडं पगार द्यायला सरकारचे पैसे होते, तुमच्याकडं लाइटबिल आणि बँकेचा हप्ता होता. जमलं तर त्या पोरांना फोन करा, कुठं आहेत ते विचारा, आणि आत्ता जे कामाला आहेत त्यांचा पीएफ सुरू करता येतो का ते एकदा बघा.

प्रश्न : आमचं घर गलाईतलं, लॉकडाऊनमध्ये भाऊ तमिळनाडूतलं दुकान बंद करून चार महिने गावी बसून होता. मी असं ऐकलंय की मॉरिशसच्या रिझर्व्ह बँकेनं सरकारला फुकटच पैसे देऊन टाकले. मग सगळ्याच देशांनी तसं का नाही केलं? नोटा छापून भागत असेल तर कर्ज कशाला काढायचं?
— एक वाचक, विटा

उत्तर : सोनं-चांदी आटवणाऱ्या घरातनं हा प्रश्न यावा हे बरोबरच आहे, कस कमी झाला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ऐकलंय ते खरं. मे २०२० मध्ये कायदा बदलून घेतला आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेनं सरकारला ६,००० कोटी मॉरिशस रुपये दिले, कर्ज म्हणून नाही, देऊनच टाकले. देशाचं वर्षाचं सगळं उत्पन्न साधारण ५० हजार कोटी, म्हणजे जवळपास आठवा हिस्सा एका झटक्यात. त्याशिवाय ८,००० कोटींची एक गुंतवणूक कंपनी बँकेनंच काढली, मॉरिशस इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन, तिचं काम काय तर हॉटेलवाल्या आणि साखरेच्या मोठ्या कंपन्या बुडू नयेत म्हणून त्यांच्यात पैसे घालायचे. अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या इंटरनॅशनल मॉनिटरी फंडानं दोन्हीवर बोट ठेवलं, सरकारला असं पुन्हा देऊ नका आणि बँकेनं त्या कंपनीतनं बाहेर पडावं म्हणून सांगितलं.

माझं मत विचाराल तर पहिले ६,००० कोटी द्यायलाच पाहिजे होते. त्या वर्षी देशाचं उत्पन्न १५ टक्क्यांच्या आसपास घटलं, पगार थांबले असते तर दुकानं बसली असती, दुकानं बसली की भाडं बसलं, भाडं बसलं की बँक, हे सगळं एकाला एक लागून असतं. पण दुसरा पैसा, जो मोठ्या कंपन्यांत गेला, त्याचा हिशोब लोकांपुढं मोकळेपणानं यायला पाहिजे होता तसा आला नाही, आणि ते मला चुकीचं वाटतं. कामगाराला २५ हजार देताना त्याचं नाव, पगार, खातं सगळं तपासलं, मग कंपनीला कोट्यवधी देताना तेवढंच उघड का नाही.

आणि बिल आलंच. २०२० च्या सुरवातीला एका डॉलरला ३६-३७ मॉरिशस रुपये पडायचे, २०२२ पर्यंत ते ४४ च्या आसपास गेले. बेटावर गहू, तांदूळ, तेल, पेट्रोल बरंचसं बाहेरनं येतं, त्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि २०२२ ची महागाई १०.८ टक्के भरली. म्हणजे खात्यात आलेल्या पैशातला थोडा किराणा दुकानात परत गेलाच. सरकारचं कर्ज कोरोनाआधी देशाच्या उत्पन्नाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास होतं, ते दोन वर्षांत ९० च्या वर गेलं. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना एकही मतदारसंघ राखता आला नाही, नवीन सरकार आलं, आणि जून २०२५ च्या बजेटमध्ये पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी पेन्शनचं वय ६० वरनं हळूहळू ६५ वर न्यायचं जाहीर केलं, त्यावरनं मोर्चे निघाले. कोरोना हे त्याचं एकमेव कारण नाही, म्हातारी माणसं वाढलीत हेही आहे. पण २०२० मध्ये ५५ वर्षांची असलेली, ज्यांनी हॉटेलात भांडी घासली, उसात राबली, ती माणसं आता साठीला आल्यावर अजून थांबा म्हणून ऐकतायत, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : मी साताऱ्यात टूर्सचा धंदा करतो. मालदीवनं २०२० च्या जुलैमध्येच दारं उघडली आणि मॉरिशस बंद करून बसलं, आमची सगळी हनिमूनची बुकिंगं मालदीवला गेली. मॉरिशसनं चूकच केली ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : धंद्याच्या आकड्यांवर गेलात तर तसंच दिसेल. मालदीव १५ जुलै २०२० ला उघडलं आणि २०२१ मध्ये तिथं १३ लाखांवर लोक आले, त्यात पहिला नंबर आपल्या भारतीयांचा. मॉरिशसनं क्वारंटाइनशिवाय दार उघडलं ते १ ऑक्टोबर २०२१ ला, त्या अख्ख्या वर्षात तिथं दोन लाखसुद्धा टुरिस्ट आले नाहीत.

पण दोन्ही देशांची घडणच वेगळी आहे. मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट, पाहुणा विमानातनं उतरला की स्पीडबोटीत आणि तिथनं थेट रिसॉर्टवर, गावाशी संबंध नाही, म्हणजे क्वारंटाइन आपसूकच. मॉरिशसमध्ये हॉटेलच्या कंपाउंडपलीकडं गाव, बसस्टॉप, देऊळ, बाजार, आणि संध्याकाळी वेटर त्याच गावात घरी जातो. शिवाय मालदीवला थांबणं परवडणारंच नव्हतं, टुरिस्ट गेले तर तिथं दुसरं फारसं काही नाही, २०२० मध्ये त्यांचं उत्पन्न एक तृतीयांशानं पडलं आणि भारतानं त्यांना २५ कोटी डॉलर दिले तेव्हा बजेटला टेकू मिळाला. मॉरिशसकडं साखर, कापड, बँकिंग असं थोडंफार होतं म्हणून ते थांबू शकले. पहिली लाट त्यांनी १० मृत्यूंवर रोखली, ती वाचलेली माणसं बुकिंगच्या हिशोबात धरायची की नाही? माझ्या मते धरायची. तरी एक मान्य करतो, २०२१ मध्ये लस आल्यावर ते आणखी लवकर उघडू शकले असते, तेवढे महिने हॉटेलवाल्यांचे फुकट गेले. २०२२ ला टुरिस्ट जवळपास १० लाखांवर आले.

प्रश्न : मी अकरावीला आहे. सरांनी सांगितलं की कोरोनातच मॉरिशसला जहाजातलं तेल सांडलं आणि लोकांनी ते उसाच्या पाचटानं अडवलं. हे खरंच झालं का? आमच्या गावात तर पाचट पेटवून देतात. मला यावर प्रोजेक्ट करायचाय.
— एक विद्यार्थिनी, वाळवा तालुका

उत्तर : हो बाळा, खरंच झालं. वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज २५ जुलै २०२० ला किनाऱ्याजवळच्या खडकावर चढलं, आणि ६ ऑगस्टपासून तेल गळायला लागलं, साधारण १,००० टन. सरकारचं सगळं लक्ष पगार आणि हॉस्पिटलात, जहाज रुतून बारा दिवस झाले तरी पुरेशी तयारी नव्हती, आणि याबद्दल लोक सरकारवर फार चिडले. मग माहेबूर गावात बायका, पोरं, कोळी सगळे किनाऱ्यावर बसले, कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात पाचट ठासून भरलं, तरंगायला रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि दोराला जोडून ती लांबच लांब माळ पाण्यात सोडली. काहींनी स्वतःचे केस कापून दिले, कारण केसही तेल धरतात.

प्रोजेक्टसाठी असं कर. एका टबात पाणी घे, गॅरेजमधनं वाटीभर वापरलेलं इंजिन ऑइल मागून आण आणि त्यात ओत. घरातलं कोणी मोठं माणूस जवळ असू दे आणि हातमोजे घाल. जुन्या ओढणीच्या दोन पिशव्या शिव, एकीत वाळलेलं पाचट भर, दुसरीत ओलं. दोन्ही आधी वजन करून ठेव, अर्धा तास टबात सोड, मग बाहेर काढून निथळू दे आणि परत वजन कर, दोन्हीतला फरक वहीत लिही. पिशवीनं तेलाबरोबर पाणीही ओढलेलं असतं, म्हणून तसल्याच दोन पिशव्या नुसत्या पाण्यातही ठेवून बघ. उरलेलं तेल गटारात ओतू नकोस, डब्यात भरून त्या गॅरेजवाल्यालाच परत नेऊन दे.