एअर पिस्तूलचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. रोज किती छर्रे मारले की नेम सुधारेल?

छर्रे कमी पडतात म्हणून ग्रुप पसरत नाही. हा गैरसमज मी वरळीच्या रेंजवर शिकत असल्यापासून ऐकतोय. तिथे आमचे एक सीनियर होते, महिन्याला किती डबे संपवले यावर माणसाची मेहनत मोजायचे. मला तेवढे छर्रे परवडत नव्हते. रात्री जेवणं उरकली की लालबागच्या आमच्या खोलीत मी कपाटाच्या दारावर कोरा कागद चिकटवायचो आणि ४० वेळा रिकामं पिस्तूल चालवायचो. तेवढा वेळ आई अंथरुणं घालायची थांबायची. हे कळल्यावर सीनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "गादीवर पोहायला शिकतोय." फार लागलं ते मला.

पण माझी चूक त्या कोऱ्या कागदासमोरच सापडली. खटका सुटताना फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी, किंचित डावीकडे खाली झुकत होती. रेंजवर हे कधी दिसलंच नाही, कारण भोक कुठे पडलं ते बघायला नजर आधीच टार्गेटवर पळायची. ही पुढची साइट आणि मागची खाचेची साइट यांच्यात साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं. फोरसाइट मागच्या खाचेतून १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर भरकटतो, आणि दहा गुणांचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं! हात डुलतो त्याची एवढी काळजी करू नका, तो सगळ्यांचाच डुलतो. नजर फोरसाइटवर ठेवा, टार्गेट धूसर दिसू दे.

खटका सुटल्यावरही दोन सेकंद तसेच थांबा. आमच्या गावी ठासणीची बंदूक चालवणारे म्हातारे बार उडून जाईपर्यंत गाल उचलत नसत. ठिणगी पडून दारू पेटेपर्यंत नळी हलली तर नेम गेलाच. छर्ऱ्यालाही नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो, थोडा कमी एवढंच.

रविवारचे ६० छर्रे सोडले तर माझा सगळा सराव रिकामाच होता. तीन महिन्यांत ६०० पैकी ५४८ गुणांवरून ५६१ वर आलो.

हो, पिस्तुलात ड्राय फायरची, म्हणजे छर्ऱ्याविना खटका दाबायची, सोय असेल तरच हे करा, नाहीतर यंत्रणा खराब होते. रिकामं असल्याची खात्री दर वेळी करायची, खिडकीकडे कधीच रोखायचं नाही.

तुम्ही महिनाभर रोज ३० रिकामे आणि आठवड्याला ६० छर्रे असं करून बघा. कोणी गादीवर पोहण्याचं बोललं, तर त्याला कोऱ्या भिंतीसमोर दहा वेळा खटका दाबायला सांगा आणि फोरसाइट कुठे गेली ते त्याच्याच तोंडून ऐका. आमच्या सीनियरना मी दोनदा सांगितलं होतं, त्यांनी एकदाही करून पाहिलं नाही.