बॉनफायर नाइट: होळी, शेकोटी की दारूकाम?

इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाच्या वार्तापत्राचं काम पाहणाऱ्या भगिनींनी विचारलं आहे: ‘५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला मराठीत काय म्हणावं? मंडळात एकांनी होळी सुचवलं, दुसऱ्यांनी शेकोटी. आमच्या गावात यंदा मोठी आग पेटणार नाही, फक्त कमी आवाजाचे फायरवर्क्स आहेत. त्याला मी शांत फटाके असं लिहिलं, तर ते कानाला खटकतं असं सगळे म्हणाले. का खटकतं?’

दुसरा प्रश्न मला फार आवडला. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर पहिल्यातून जावं लागेल.

होळी सुचवणारे चुकलेले नाहीत. मराठीत होळी फाल्गुनापुरती राहिलेली नाही. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाचा ढीग रचून पेटवला गेला, त्याला आपण आजही विदेशी कापडाची होळीच म्हणतो. तेव्हा दिवस दसऱ्याचे होते. सरकारी आदेश पसंत पडला नाही की शेतकरी त्याच्या प्रतींची होळी करतात, मग महिना कुठलाही असो. चारचौघांत, ठरवून, निषेध म्हणून जाळलं की ती होळी.

नोव्हेंबरची ही आगही अशाच भावनेतून पेटत राहिली. १६०५ साली काही कॅथलिक कटवाल्यांनी राजा पहिला जेम्स आणि त्याची संसद एकदमच उडवून द्यायचा घाट घातला. लॉर्ड्स सभागृहाखालच्या तळघरात दारूची ३६ पिंपं रचली. राखणीला बसलेला गाय फॉक्स ४ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास सापडला आणि राजा वाचला म्हणून लंडनकरांनी ठिकठिकाणी जाळ केले. पुढे संसदेने कायदाच केला की या दिवशी देवाचे आभार मानायचे. तो कायदा १८५९ मध्ये रद्द झाला, म्हणजे अडीचशे वर्षं हा दिवस सरकारी होता आणि त्यात कॅथलिकांविषयीचा राग उघड होता. ससेक्समधल्या लुईस गावात आजही त्या रात्री १७ पेटते क्रूस मिरवतात. सोळाव्या शतकात कॅथलिक राणी मेरीच्या काळात तिथे जिवंत जाळलेल्या १७ प्रॉटेस्टंटांच्या आठवणीचे ते क्रूस आहेत. तिथली रात्र पाहिली तर होळी हा शब्द सहज तोंडात येईल.

होळीशी आणखी एक जवळीक आहे, पोरांची. यॉर्कशरमध्ये मुलं कितीतरी दिवस आधीपासून लाकडं गोळा करत हिंडायची. त्याला तिकडे ‘चंपिंग’ असा खास शब्द आहे. चंप म्हणजे लाकडाचा ओंडका. एका आळीचा ढीग दुसऱ्या आळीने पळवायचा आणि तो पळवू नये म्हणून राखण करायची. कोकणात किंवा देशावर ज्यांनी होळीसाठी कुणाच्या परड्यातलं लाकूड लांबवलं असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जाता जाता बॉनफायर या शब्दाविषयी. त्यातला ‘बॉन’ फ्रेंचमधला, म्हणजे ‘चांगला’, असं पुष्कळांना वाटतं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही तसंच दिलं आहे. ते बरोबर नाही. मूळ शब्द ‘बोन फायर’, हाडांची आग. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी-लॅटिन कोशात त्याचा अर्थ सरळ ‘हाडांचा अग्नी’ असा दिलेला सापडतो. त्यामुळे ‘शुभाग्नी’ वगैरे घडवायच्या फंदात पडू नये.

तरीही तुमच्या सूचनेत मी होळी लिहिणार नाही. तिकडच्या मराठी घरांत मार्चमध्ये रंगांची होळी होतेच. नोव्हेंबरची सूचना वाचून मुलं पिचकाऱ्या शोधतील. आणि दुसरं, मोठं कारण असं की होळीत काहीतरी जाळायचं असतं. तुमच्या गावात जाळायचं काही उरलेलं नाही.

इथे पुतळ्याकडे वळतो. जुने कपडे घालून, पेंढा नाहीतर कागद कोंबून पोरं फॉक्सचा बाहुला करायची, तो हातगाडीवर बसवून कोपऱ्यावर उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे त्याच्या नावाने एक पेनी मागायची. या बाहुल्यालाच ‘गाय’ म्हणत. आता हा शब्द देवनागरीत लिहिला की काय होतं बघा. ‘रात्री गाय जाळली’ असं एका अनुवादात मी वाचलं आहे आणि क्षणभर हात थांबला होता. फॉक्सचं पूर्ण नाव द्यायचं असेल तर ‘गाय फॉक्स’ चालेल, पण बाहुल्याला मराठीत बाहुला किंवा फॉक्सचा पुतळाच म्हणावं. इंग्रजीत मात्र या बाहुल्याने मोठी मजल मारली. आधी पुतळा, मग बाहुल्यासारखा गबाळा दिसणारा माणूस, आणि मग अमेरिकेत जाऊन कुठलाही साधा माणूस. आज कुणालाही हाक मारताना जो ‘गाइज’ ऐकू येतो तो इथूनच निघाला. मधल्या पायरीला आपल्याकडे नेमका शब्द आहे: ध्यान. ‘काय ध्यान दिसतंय!’ यातलं ध्यान आणि तो गबाळा ‘गाय’ यांत मला काही फरक दिसत नाही.

आपल्या पुतळ्याचा स्वभावही जाणून घेण्यासारखा आहे. एकाच शब्दात मान आणि अपमान दोन्ही. ‘पुतळा उभारला’ आणि ‘पुतळा जाळला’. सगळं क्रियापदावर अवलंबून. म्हणून इतिहास सांगताना ‘फॉक्सच्या पुतळ्याचं दहन’ हे रावणदहनाच्या चालीवर नीट बसतं, कुणालाही एका दमात कळतं.

पण चित्र म्हणून सगळ्यात जवळ जातो तो रावण नाही, गोव्याचा नरकासुर. तोही शरद ऋतूतला, तोही वाड्यावरच्या पोरांनी बनवलेला, आत गवत आणि कागद, आणि त्याच्याही नावाने मुलं रस्त्यात गाड्या थांबवून पैसे मागतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो पेटतो. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गोव्यात बरीच वर्षं लोक बोलून दाखवतात की पुतळे उंच झाले, रात्रभर गाणी कर्कश झाली, ज्याने नरकासुराला मारलं तो कृष्ण बाजूला पडला आणि मारलेल्याचाच उत्सव झाला. इंग्लंडात फॉक्सचा बाहुला उलट दिशेने गेला: तो बहुतेक ठिकाणी गायबच झाला. हातगाडीवर बाहुला घेऊन बसलेली मुलं आता दिसत नाहीत. ज्या शेजाऱ्याचा धर्म आपल्याहून वेगळा त्याच्यावरच्या रागाचा सण लोकांना नकोसा झाला, त्याचं मला वाईट वाटत नाही. हातगाडी ढकलणारी पोरं गेली याचं मात्र वाटतं.

पुतळा गेला, मग पुष्कळ गावांतून आगही जाऊ लागली. धुराचा त्रास, विम्याचा आणि बंदोबस्ताचा खर्च, आणि ढिगाऱ्याखाली झोपायला शिरणारे हेजहॉग. हा छोटा काटेरी प्राणी थंडीत पालापाचोळ्यात दडून राहतो. म्हणून ढीग पेटवण्याआधी हलवून बघा असं तिकडे दरवर्षी सांगतात. आता घराच्या मागच्या अंगणात, लोखंडी टोपल्यात लाकडं घालून हात शेकायचे, पोरांना बाहेर आणायचं आणि हातात आल्याचा, काकवीचा ‘पार्किन’ केक द्यायचा, एवढंच अनेकांचं उरलं आहे. त्याला मराठीत एकच शब्द: शेकोटी. शेकणं हाच तिचा हेतू. तिच्यात कुणाचा निषेध नाही. देशावर काही घरांतून आगटी म्हणतात, तोही चालेल. म्हणजे तुमच्या मंडळात शेकोटी म्हणणारे आजच्या प्रथेबद्दल बोलत होते आणि होळी म्हणणारे तिच्या इतिहासाबद्दल.

आता शांत फटाके.

फटाका हा शब्दच आवाजातून जन्मला. फट् वाजला तो फटाका, पाठीत बसला तो फटका. त्याचा आवाज काढून घेतला की शब्दाचा जीवच जातो. न वाजणाऱ्या फटाक्याला मराठीत नाव आहे, पण ते निंदेचं: फुसका बार. तुम्ही ‘शांत फटाके’ लिहिलंत तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात नकळत तोच फुसका बार आला. खटकलं ते म्हणून.

पण आपल्या जुन्या बोलीने आवाज आणि शोभा यांची वाटणी कधीच करून ठेवली होती. फटाके वाजवायचे, बार काढायचे. बाण सोडायचे, भुईनळे लावायचे, फुलबाज्या पेटवायच्या. आणि या सगळ्या बघण्याच्या प्रकाराचं एक नाव होतं: शोभेची दारू. दुकानावरच्या ‘शोभेच्या दारूचा परवाना’ या पाट्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ते आठवेल. दारू म्हणजे इथे बंदुकीची. दारूगोळ्यातली, फॉक्सच्या ३६ पिंपांतली. फारसीत दारू म्हणजे औषध, तिथून ती एका बाजूने बाटलीत आणि दुसऱ्या बाजूने बंदुकीत गेली.

माझं आजोळ तासगाव तालुक्यात. जवळच कवठे एकंद. तिथे विजयादशमीच्या रात्री सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यापुढे रात्रभर दारू उडते. गावात कुणी फायरवर्क्स म्हणत नाही, कुणी नुसतं फटाकेही म्हणत नाही. म्हणतात दारूकाम. ‘काम’ हा शब्द तिथे शोभतो, कारण एकेका मंडळाची माणसं आधी कितीतरी दिवस ठासणं, बांधणं, वाती काढणं यात गुंतलेली असतात. मामाच्या बोटांच्या पेरांत दसऱ्यानंतर आठवडाभर राखाडी रंग मुरलेला असायचा, साबणाने जात नसे. औट नावाचा मोठा बार उडाला की छातीत धक्का बसायचा. पण लोक वर बघत थांबायचे ते त्यातून निघणाऱ्या फुलांसाठी. या कामाने माणसं दगावलीही आहेत, म्हणून तिथेही सावधगिरीचं बोलणं आता दरवर्षी होतं.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात यॉर्कशरला भाचीकडे होतो. संध्याकाळी पाच वाजताच अंधार. शेजारणीने आपल्या कुत्र्याला न्हाणीघरातल्या टबात जुन्या रजया घालून बसवलं होतं आणि रेडिओ मोठा लावला होता. दरवर्षीचं झालंय म्हणाली. रात्री आम्ही गावाच्या मैदानावर गेलो. तिथे कमी आवाजाचा कार्यक्रम होता. वर सोनेरी माड उभा राहिला, त्याच्या झावळ्या हळूहळू खाली आल्या, आणि मोठा बार झालाच नाही. ऐकू आला तो माणसांचा आवाज. शेपाचशे माणसांनी एकदम सोडलेला श्वास. खांद्यावर बसलेल्या एका मुलीने ‘पुन्हा!’ म्हटलेलंही मागच्या रांगेपर्यंत गेलं. त्या रात्री मला दारूकाम या शब्दाची आठवण झाली ती आजतागायत आहे.

तिकडे फटाक्यांविषयी मतं किती बदलली आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. सेन्सबरीज या मोठ्या दुकानसाखळीने २०१९ साली फटाके विकणं थांबवलं. स्कॉटलंडने २०२२ मध्ये वेगळा कायदा केला आणि तिथल्या नगरपालिकांना काही भागांत फटाक्यांना मनाई करता येऊ लागली. आवाजाची मर्यादा १२० डेसिबल आहे, ती ९० वर आणा अशी प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांची मागणी आहे. युद्धातून परतलेल्या सैनिकांचं, अंगाचा थरकाप होणाऱ्या म्हाताऱ्यांचंही बोलणं आता ऐकलं जातं. आपल्याकडेही २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली आणि ‘हरित फटाके’ हा जोडशब्द घरोघर पोचला. त्यावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत काम झालं. या शब्दातही धूर आणि आवाज कमी आहे, संपलेला नाही. म्हणून तो फटाकाच राहिला आणि कुणाला खटकला नाही.

एक गोष्ट मात्र वार्तापत्रात जरूर छापा. इंग्लंडच्या २००४ च्या नियमांत रात्री ११ नंतर फटाके उडवायला बंदी आहे. ५ नोव्हेंबरला ती मध्यरात्रीपर्यंत पुढे सरकते, आणि दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत. तिथल्या कायद्याने दिवाळीला फॉक्सपेक्षा एक तास जास्त दिला आहे. २०२१ मध्ये लक्ष्मीपूजन ४ तारखेला आणि पाडवा ५ तारखेला आला होता, तेव्हा दोन्ही रात्री लागून आल्या होत्या.

आता तुमची सूचना. नाव तसंच ठेवा, ‘बॉनफायर नाइट’; गावाचं नाव आपण भाषांतरित करत नाही तसं. मंडळाच्या अंगणात छोटी आग करणार असाल तर खाली लिहा: ‘५ नोव्हेंबर, संध्याकाळी मंडळाच्या अंगणात शेकोटी. त्यानंतर गावच्या मैदानावर कमी आवाजाचं शोभेचं दारूकाम.’ नुसतं ‘शोभेची दारू’ लिहू नका, तिकडे वाढलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांनाही बाटलीच दिसेल. दारूकामही कुणाला अडलं तर आतषबाजी लिहा. आतश म्हणजे आग, बाजी म्हणजे खेळ. त्यातही आवाजाचा उल्लेख कुठे नाही.