बोअरचा उपसा वाढला की जमिनीखालच्या जीवाणूंचं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की सांगोल्याकडे डाळिंबासाठी रोज बोअर चालतो, सकाळच्या पहिल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि ठिबकच्या फिल्टरवर नारिंगी चिकटा धरतो. उपशामुळे खालचे जीवाणू बदलले का?

बदलले असण्याचीच शक्यता जास्त. मी सोलापुरात पाण्याचे नमुने तपासतो, ही दोन्ही लक्षणं बऱ्याचदा एकत्रच येतात.

आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. बहुतेक जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, भेगांच्या भिंतींना चिकटून राहतात. (कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतले, तेव्हा या पाषाणाखालच्या ग्रॅनाइटातही जीवाणू सापडले.) खोलात प्राणवायू नसतो, म्हणून कुणी नायट्रेटवर भागवतो, कुणी लोहावर, कुणी सल्फेटवर. सल्फेटवाले हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तुमचा वास तोच.

आता लाइट आली की पातळी खाली जाते, रिकाम्या भेगांत हवा शिरते. लाइट गेली की पाणी परत चढतं. रोज हेच. विरघळलेलं लोह आणि प्राणवायू जिथं भेटतात तिथं गॅलिओनेला, लेप्टोथ्रिक्ससारखे लोहजीवाणू माजतात. मोटर वर काढाल तेव्हा कॉलम पाइपवर हात फिरवून बघा: ओलं असताना बुळबुळीत, वाळलं की गंजाचा भुगा. त्या थराच्या आतल्या बाजूला हवा पोचत नाही, तिथं सल्फेटवाले बसतात.

दहा-पंधरा मिनिटं मोटर चालवून वास गेला, तर भानगड बोअरच्या आतच आहे. टिकून राहिला तर झऱ्याचं पाणीच तसलं.

मला खरी काळजी नायट्रेटची वाटते. प्राणवायू नसलेल्या भागात काही जीवाणू युरियातून आलेलं नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात, म्हणजे फुकटात पाणी साफ. पण जोरात उपसा केला की वरचं ताजं पाणी भेगांतून झपाट्यानं खाली ओढलं जातं, प्राणवायूसकट. प्राणवायू मिळाला की हेच जीवाणू नायट्रेटकडं ढुंकूनही बघत नाहीत. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. घरी हेच पाणी पीत असाल तर आधी ते तपासा. नुसत्या आरओच्या भरवशावर राहू नका, त्याचीही मेंब्रेन झिजते.

चिकट्यावर क्लोरीन चालतं: बोअरमध्ये सोडून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी बाहेर सोडायचं, ठिबकला जोडायचं नाही. चिकटा परत येतोच, पण मधला हंगाम फिल्टर मोकळा राहतो.