व्यवस्थापनाची तत्त्वं म्हणजे काय? सुरुवात कुठून करू?

फायोलपासून करा. आंरी फायोल हा फ्रेंच खाण अभियंता. १९१६ साली त्याने व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. परीक्षेसाठी सगळी पाठ करावी लागतील, पण समजून घ्यायला दोन-तीन पुरेत: कामाची विभागणी, अधिकारासोबत जबाबदारी, आणि एका माणसाला एकच साहेब. (शेवटचं किती मोडलं जातं ते नोकरीला लागलात की कळेलच!)

आता हे प्रत्यक्षात बघायचं तर लिज्जत पापड घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आजही पद्धत साधी आहे. पीठ केंद्रावरच मळतात, म्हणून चव सगळीकडे सारखी. लाटणं घरोघरी, त्यामुळे मोठी जागा लागत नाही. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड केंद्रावर परत येतात, तपासले जातात, मग लाटणावळ. नियोजन, विभागणी, नियंत्रण, सगळं त्यात आलं. शिवाय लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक, त्यामुळे पापड जाड का झाला हे विचारायला मुकादम लागत नाही.