शिक्षा आधी, खटला नंतर

प्रश्न : ताई, 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या अंतराळातल्या विज्ञानकथा-मालिकेत कार्डेशियन नावाच्या परग्रहवासीयांचं लष्करी राज्य आहे. तिथे आरोपीची शिक्षा आधी ठरते, मग खटला चालतो. मला हे ओढूनताणून आणलेलं वाटलं. सगळी सत्ता हातात असताना गोळी घालून मोकळं व्हावं, खटल्याची उठाठेव कशाला?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मी 31 वर्षं सत्र न्यायालयात लघुलेखक होते. त्यामुळे 1994 चा 'ट्रायब्युनल' हा भाग मी पुन्हा पुन्हा पाहिलाय, आणि दर वेळी पोटात गोळा आलाय.

आठवून बघा. अंतराळस्थानकावरचा अभियंता माइल्स ओब्रायन बायकोबरोबर सुट्टीवर निघालेला. वाटेत कार्डेशियन सैनिक त्याला धरतात, अंगावरचे कपडे काढतात, दप्तरी नोंद हवी म्हणून दाढ उपटतात. आरोप काय, ते कोणी सांगत नाही. न्यायासनावर बसलेली माकबार आधी मृत्युदंड जाहीर करते आणि मग खटला सुरू करा म्हणते. हे सगळं पडद्यांवर जनतेला दाखवलं जातं. त्याला दिलेला वकील कोवॅट तर सरळच सांगतो, की राज्याचं शहाणपण तुझ्याकडून कबूल करून घेणं हे माझं काम.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पडद्यांत आहे. खटला ओब्रायनसाठी नाहीच, तो घरी बसून बघणाऱ्यांसाठी आहे. गुपचूप मारलं तर लोकांना नुसती भीती वाटेल. आरोपी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने 'मी चुकलो' म्हणाला, की त्यांना हायसं वाटतं : शत्रू खरंच होता, सरकारने वेळेत पकडला, आपण सुरक्षित आहोत. लष्कराला हे हायसं वाटणं हवं असतं. म्हणून कबुलीजबाबासाठी एवढा आटापिटा.

आणि ओढूनताणून म्हणाल, तर स्टालिनच्या काळात मॉस्कोत हे घडलेलं आहे. मार्च 1938 मध्ये 21 जणांवर खटला चालला, त्यात निकोलाय क्रेस्टिन्स्की हा जुना सोव्हिएत नेता होता. सगळे पढवल्यासारखे गुन्हा कबूल करत असताना 2 मार्चला तो भर न्यायालयात उठून म्हणाला, मी दोषी नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने सगळं कबूल केलं. रात्रीत काय झालं असेल, ते मला लिहवत नाही. त्याला गोळी घातली गेली. 1952 मध्ये चेकोस्लोव्हाकियात, प्रागला, कम्युनिस्ट नेता रुडॉल्फ स्लान्स्कीसह 14 जणांचा असाच खटला झाला. तो रेडिओवरून ऐकवला. त्यातल्या 11 जणांना फाशी झाली.

क्रेस्टिन्स्कीचं मात्र मनातून जात नाही. त्याच वर्षी छापलेल्या अधिकृत इतिवृत्तात त्याचा पहिल्या दिवशीचा नकार आजही वाचता येतो. माझ्यासारखंच कोणीतरी मान खाली घालून ते वाक्य उतरवून घेत असेल. आमच्याकडे आरोप ठेवताना लिहायचं असे : 'आरोप वाचून दाखवला, समजावून सांगितला. आरोपीस गुन्हा कबूल नाही.' हे मी इतक्या वेळा टंकलंय, की बोटं आपोआप चालायची. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती मला नुसती रीत वाटायची. आपल्या राज्यघटनेच्या कलम 20 मध्ये आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही असं लिहिलंय, त्याचं वजन मला तो भाग पाहिल्यावर कळलं.

शेवट पुन्हा बघाच. ओब्रायनचा वरिष्ठ अधिकारी सिस्को, ओब्रायनला अडकवणाऱ्या कार्डेशियनांच्याच हस्तकाला न्यायालयात आणून उभा करतो. बिंग फुटायला नको म्हणून माकबार ओब्रायनला सोडते, तेही राज्याचा मोठेपणा म्हणून. बघणाऱ्यांना कथा तशीच हवी. कोवॅट खटला जिंकलेला असतो. त्याचा चेहरा बघा. तो एवढंच म्हणतो, की आता ते मला मारून टाकतील.