बूटकॅम्प की पदवी? आधी टक्केवारीचा छेद लेखी मागा

बूटकॅम्प (काही महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकवणारा खासगी अभ्यासक्रम) करावा की पदवी घ्यावी, हा तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण याच पेचातून मी गेले आहे. तुमच्याकडे वाणिज्य शाखेची पदवी आहे, लेखा विभागातली स्थिर नोकरी आहे आणि प्रोग्रॅमिंगची गोडी लागली आहे. एका बूटकॅम्पने प्रवेश देऊ केला असून शुल्कातील सवलतीची मुदत याच आठवड्यात संपते आहे. दुसरीकडे, संगणकशास्त्राची पूर्णवेळ पदवी घ्यायची तर काही वर्षे उत्पन्नाविना काढावी लागतील. मी आधी बूटकॅम्प केला, नंतर नोकरी सांभाळून पदवी घेतली आणि आता उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. मात्र मी कायद्याची जाणकार नाही आणि नियम देशोदेशी वेगळे असतात, त्यामुळे करारावर सही करण्यापूर्वी तो एखाद्या वकिलाला जरूर दाखवा.

कोणती भाषा आधी शिकावी, संगणक कसा घ्यावा या गोष्टींत मी शिरत नाही. त्या तुम्हाला ठाऊक असणार. मला बोलायचे आहे ते ज्या आकड्यावर तुमचा निर्णय अडून आहे त्याबद्दल, म्हणजे 'आमच्या ८७ टक्के विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत नोकरी मिळते' या तुम्ही उद्धृत केलेल्या वाक्याबद्दल.

मी ज्या संस्थेत शिकले तिचे नाव घेत नाही. तिथले शिक्षक मनापासून शिकवत असत आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मनस्ताप झाला तो संस्थेच्या रोजगार मार्गदर्शन कक्षाचा. प्रवेशापूर्वी मी विचारले होते की टक्केवारीत कोणाकोणाला धरता. फोनवर उत्तर मिळाले, 'सगळ्यांना'. अभ्यासक्रम संपल्यावर उलगडत गेले ते निराळेच होते. ज्यांना संस्थेनेच काही महिन्यांसाठी साहाय्यक शिक्षक म्हणून ठेवून घेतले, ते 'नोकरी लागलेल्यां'त मोजले गेले. दर आठवड्याला किती ठिकाणी अर्ज केले याचा तक्ता भरून पाठवावा लागे. माझ्या बॅचमधल्या एकाच्या घरी आजारपण आले आणि त्याचे लागोपाठ तक्ते चुकले, तेव्हा त्याच्या नावापुढे 'निष्क्रिय' असा शेरा पडला आणि तो हिशेबातूनच बाहेर गेला. त्याला नोकरी लागली नाही, पण संस्थेच्या टक्केवारीवर त्याचा ओरखडाही उमटला नाही.

माझ्या बाबतीत तर त्याहून पुढची पायरी गाठली गेली. शुल्क उत्पन्नाच्या वाट्यातून, म्हणजे तंत्रक्षेत्रातील नोकरी लागल्यावर पगाराच्या ठरावीक भागातून, फेडायचे, असा करार होता. घर चालवण्यासाठी मी काही काळ जुन्याच प्रकारचे कार्यालयीन काम धरले. त्या कामात एक्सेलचे मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) वापरावे लागत, एवढ्या आधारावर कक्षाने त्याची 'तंत्रक्षेत्रातील नोकरी' अशी नोंद केली आणि माझ्या पगारातून हप्ते सुरू झाले. मी हरकत घेतली, कामाचे स्वरूप सांगणारे पत्र जोडले, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर आले: 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' तो संबंधित विभाग कोणता, तिथे कोण बसते, निर्णय कधी होतो, हे अखेरपर्यंत कोणी सांगितले नाही. हप्ते मात्र एकदाही थांबले नाहीत. ज्या माणसांना उत्तर देण्याचाच पगार मिळतो त्यांनी उत्तर न देणे हा मी अन्यायच मानते, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

हे गणित तुम्ही हिशेबी माणूस म्हणून क्षणात ओळखाल. समजा, १०० जणांनी प्रवेश घेतला. २० मध्येच सोडून गेले आणि २५ 'निष्क्रिय' ठरले, म्हणजे छेदात उरले ५५. खऱ्या सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या ४० जणांना लागल्या आणि ८ संस्थेतच साहाय्यक झाले, म्हणजे अंश झाला ४८. टक्केवारी निघाली ८७. प्रवेश घेणाऱ्याच्या दृष्टीने खरा आकडा ४० आहे. तुमच्या संस्थेने असेच केले आहे, असा माझा दावा नाही. पण असे करता येते, आणि अशा प्रकरणावर सरकारी कारवाईही झालेली आहे. अमेरिकेतील लॅम्डा स्कूल या संस्थेने पुढे ब्लूमटेक असे नाव घेतले. एप्रिल २०२४ मध्ये तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने तिच्यावर कारवाई केली आणि ग्राहकांना कर्ज देण्यास तिला कायमची बंदी घातली. संस्था ७१ ते ८६ टक्के नोकऱ्यांची जाहिरात करत होती, तर गुंतवणूकदारांना दिलेल्या अहवालांत तो आकडा ५० च्या आसपास होता आणि ३० पर्यंतही घसरला होता. शिवाय उत्पन्नाच्या वाट्याचा करार हे कर्ज नव्हेच, असे विद्यार्थ्यांना सांगितले जात होते. विभागाने ते कर्जच ठरवले.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या. २०१२ मध्ये सुरू झालेला आणि अशा अभ्यासक्रमांचा पायंडा पाडणारा डेव्ह बूटकॅम्प २०१७ मध्ये बंद पडला, त्याच वर्षी आयर्न यार्डही बंद पडले, आणि अनेक विद्यापीठांच्या नावाने बूटकॅम्प चालवणाऱ्या टूयू कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये ते आवरते घेत असल्याचे जाहीर केले. प्रमाणपत्र देणारी संस्थाच उरली नाही, तर त्या कागदाची शहानिशा कोण करणार?

आता शिक्षणाविषयी. बूटकॅम्पमध्ये मी पहिल्याच महिन्यात चालणारे संकेतस्थळ उभे केले आणि गिटवर (प्रोग्रॅममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) इतरांसोबत काम करायला शिकले. पदवीच्या वर्गात या गोष्टी कोणी शिकवल्या नाहीत. ही उणीव फार ठिकाणी आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातल्या काही जणांनी याच साधनांसाठी 'मिसिंग सेमिस्टर' नावाचा स्वतंत्र वर्ग सुरू केला, आणि तो सर्वांना मोफत पाहता येतो. पण पदवीने जे दिले ते मला बूटकॅम्पमधून कधीच मिळाले नसते. तुमच्याच कामातले उदाहरण घ्या. बँकेचे विवरण आणि खतावणी यांचा ताळमेळ घालायचा आहे आणि दोन्हीकडे १ लाख नोंदी आहेत. प्रत्येक नोंद समोरच्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहिली तर १,००० कोटी तुलना होतात. समोरची यादी आधी क्रमाने लावली आणि दरवेळी निम्मा भाग वगळत शोधले, तर एका नोंदीमागे १७ तुलना पुरतात. क्रम लावण्याचे काम धरूनही एकूण आकडा एका कोटीच्या आत राहतो. तसेच पैशांचे. अपूर्णांक साठवण्याच्या नेहमीच्या 'फ्लोटिंग पॉइंट' प्रकारात संगणक ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दाखवतो, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमके मांडताच येत नाहीत. म्हणून रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवतात. मुलाखतीत मी हे 'का' विचारते, आणि तिथे पुष्कळ उमेदवार अडखळतात. पदवीधरही अडखळतात, हेही सांगायला हवे.

माझे मत स्पष्टच सांगते, पटले नाही तर सोडून द्या. तुमच्या हाती पदवी आहे, तेव्हा पुन्हा पहिल्या वर्षापासून दुसरी पदवी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि या आठवड्यात बूटकॅम्पला पैसे भरण्यातही नाही. नोकरी न सोडता काही महिने हार्वर्डचा सीएस५० हा मोफत अभ्यासक्रम करा, जोडीला द ओडिन प्रोजेक्ट हा संकेतस्थळे बनवायला शिकवणारा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या, आणि वर सांगितलेला ताळमेळाचा प्रोग्रॅम स्वतः लिहा. लेखापाल जे प्रश्न पाहतो ते निव्वळ प्रोग्रॅमरला दिसत नाहीत, हे तुमचे मोठे भांडवल आहे. त्यानंतरही ओढ टिकली, तर नोकरी सांभाळून करता येणारी पदव्युत्तर पदवी पाहा. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाची संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी २०१४ पासून सुरू आहे आणि अशा इतरही आहेत. प्रवेशाच्या अटी नीट वाचा. ज्याच्याकडे कोणतीच पदवी नाही त्याला मी पदवीच सुचवीन, कारण परदेशातील कामाच्या परवान्यांत ती अनेकदा अट म्हणून येते. अमेरिकेच्या एच-१बी या कामाच्या व्हिसासाठी तर संबंधित विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते.

तरीही बूटकॅम्पच करायचा ठरला, तर आजच प्रवेश कक्षाला ईमेल करा. टक्केवारीचा छेद प्रवेश घेतलेल्यांचा की 'सक्रिय' राहिलेल्यांचा, संस्थेतल्याच नोकऱ्या त्यात धरल्या आहेत का, आणि अभ्यासक्रम अर्ध्यात सोडला तर किती पैसे परत मिळतात, एवढे विचारा. उत्तर फोनवर आले तर तेच लिहून पाठवायला सांगा. सवलत हातची जाईल म्हणून घाई करू नका. अशी सवलत पुढच्या बॅचलाही बहुधा मिळते. कराराचा मसुदा हाती आला की 'पात्र नोकरी'ची, म्हणजे जी लागली की हप्ते सुरू होतात तिची, व्याख्या शोधा आणि त्यात कामाचे स्वरूप दिले आहे की फक्त पगाराचा आकडा, ते पाहा. संस्थेचे नाव झाकून ते कलम इथे टाकलेत, तर मी वाचून मला काय समजले ते सांगेन.